काटा खोटं बोलतोय की गाडी? जुन्या गाडीच्या आरपीएम मीटरचं काम आणि त्यातला धंदा

मागच्या व्हिडिओत मी टेबलावर एक गोल आरपीएम मीटर उघडून दाखवला होता. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: दादा, नंदुरबारसारख्या ठिकाणी असं काम येतं तरी किती, आणि त्यात पैसा काय सुटतो? दोन्हीचं उत्तर देतो. पण आधी या कामात मी तोंडावर कसा पडलो ते सांगतो. पैशाचं उत्तर त्यातच आहे.

शहाद्याकडचे एक काका त्यांची प्रीमियर पद्मिनी घेऊन दुकानी आले. पद्मिनी म्हणजे आपल्या महाराष्ट्राचीच गाडी. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. मूळची फियाट ११००, पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये पडलं. मुंबईची काळी-पिवळी म्हणून आपण सगळ्यांनी पाहिलेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण आपल्या भागात अजून कुणाकुणाच्या वाड्यात ताडपत्रीखाली उभी असते.

या गाडीला कंपनीचा आरपीएम मीटर नसतो. काकांनी हौसेने मुंबईहून जुना मीटर आणून डॅशबोर्डवर बसवला होता. तक्रार अशी: "गाडी स्लोवर थरथरते, आणि मीटर बघ, सहाशेच दाखवतो." मी बघितलं, खरंच काटा सहाशेवर. या गाडीचा स्लो मी आठशे-साडेआठशे धरतो. मग काय, कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला, काटा साडेआठशेवर आणला, दोनशे रुपये घेतले, काका खूश.

पंधरा दिवसांनी काका परत. चेहरा वेगळा. पेट्रोल जास्त खाते, पहिला गिअर टाकला की धक्का मारते, आणि सगळ्यात मोठं म्हणजे, त्यांच्याच शब्दांत, "भाऊ, चावी काढी तरी गाडी चालूच शे!"

शेजारच्या गॅरेजचे म्हातारे मिस्त्री नुसता आवाज ऐकून म्हणाले, "अरे, ही हजाराच्या चांगली वर आहे." मी म्हटलं, मीटर साडेआठशे दाखवतोय. ते म्हणाले, "मीटरला विचार ना मग, तू कुठून आला."

मीटर काढला. मागच्या बाजूला एक बारीक स्विच होता, त्यावर ४, ६, ८ असे आकडे. स्विच ६ वर. पद्मिनीचं इंजिन चार सिलिंडरचं. म्हणजे मीटर प्रत्येक वेळी खऱ्याच्या दोन तृतीयांशच दाखवत होता. काका पहिल्यांदा आले तेव्हा गाडी नऊशेवर व्यवस्थित चालत होती, थरथर होती ती इंजिनच्या घसरलेल्या माउंटिंगची. आणि मी काटा साडेआठशेवर आणला तेव्हा इंजिन खरं पावणेतेराशेवर नेऊन ठेवलं होतं. एवढ्या स्लोवर तापलेलं जुनं इंजिन चावी बंद केल्यावरही आतल्या तापलेल्या कार्बनवर पेट घेत राहतं. तेच झालं होतं.

दोनशे रुपये परत दिले, माउंटिंग बदलून दिलं, मजुरी घेतली नाही. पैसे फार गेले नाहीत. पण आपल्या गावात बातमी किती वेगाने फिरते तुम्हाला माहीत आहे. पुढचे दोन-तीन महिने कुणी जुनी गाडी माझ्याकडे आणली नाही.

चूक काय झाली? जी वस्तू तपासायची होती, तिच्यावरच विश्वास ठेवून मी गाडी सेट केली.

आधी खरा आकडा आणा

मीटर चूक आहे असं म्हणायला तुमच्याकडे मीटरबाहेरचा एक खरा आकडा पाहिजे. कान चालतो, पण मिस्त्रींसारखा चाळीस वर्षांचा कान तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. आणि ग्राहकाला "माझा कान सांगतो" म्हणून बिल देता येत नाही.

सोपा मार्ग म्हणजे लेझरवाला हातातला टॅकोमीटर. पुलीवर चमकणारी छोटी पट्टी चिकटवायची, लाल ठिपका त्यावर धरायचा, आकडा समोर. मी घेतला तेव्हा हजार-अकराशेला मिळाला होता. ज्याला हे काम करायचं आहे त्याने पहिली खरेदी हीच करावी.

पण गंमत अशी की खरा आकडा तुमच्या दुकानाच्या भिंतीत आधीपासून आहे. आपली लाइट ५० हर्ट्झची आहे. देशाची ग्रिड ही फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवते. दीड हजार आरपीएमवर हा फरक होतो फार तर तीन आरपीएमचा. काट्याची जाडीच त्याहून जास्त असते.

आता हिशेब बघा. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा स्पार्क घेतो. चार सिलिंडर असतील तर दोन फेऱ्यांत चार स्पार्क, म्हणजे एका फेरीला दोन. सेकंदाला ५० स्पार्क झाले तर सेकंदाला २५ फेऱ्या, मिनिटाला १५००. म्हणून चार सिलिंडरच्या मीटरला ५० हर्ट्झ दिले तर त्याने १५०० दाखवलंच पाहिजे. तीच लाइट ब्रिज रेक्टिफायरमधून काढली की खालचे डोंगर वर येतात, सेकंदाला १०० ठोके होतात, आणि मीटरने ३००० दाखवलं पाहिजे. सहा सिलिंडरचा मीटर असेल तर हेच आकडे १००० आणि २००० होतात.

हे करायला लागतं काय? एक छोटा १२ व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, एक ब्रिज, एक-दोन रेझिस्टर, आणि मीटर चालवायला वेगळा १२ व्होल्टचा डीसी सप्लाय. ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट लाइट कधीच जोडायची नाही. मीटर तर जळेलच, तुम्हीही जाल. दुसरं, जनरेटर किंवा स्वस्त इन्व्हर्टर चालू असताना ही तपासणी करू नका. त्यांची फ्रिक्वेन्सी कुठेही फिरत असते. लाइट गेली की चहा घ्या, आली की काम करा.

काही मीटर या १२ व्होल्टच्या ठोक्याने जागेच होत नाहीत. गाडीत पॉइंट उघडतो तेव्हा कॉइलच्या तारेवर दोनशे-तीनशे व्होल्टचा झटका येतो, आणि त्या मीटरला तेवढ्याची सवय असते. मीटर मेला असं लगेच समजू नका. असा मीटर गाडीवरच तपासा.

गाडीवर तपासायला ज्यांच्याकडे लेझर नाही त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती. चोकवाली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, डोळ्याला कळत नाही इतकंच. क्रँकच्या पुलीवर खडूने एकच जाड रेघ मारा, अंधारात फक्त त्या ट्यूबचा उजेड पाडा आणि इंजिन हळूहळू वाढवा. हजाराला सहा रेघा थांबलेल्या दिसतील, बाराशेला पाच, दीड हजाराला चार, दोन हजाराला तीन आणि तीन हजाराला दोन, समोरासमोर. खालून वर मोजत जायचं, मध्येच उडी मारायची नाही. कारण दोन हजाराच्या पुढे अधेमधेही तेच आकडे परत दिसतात, उदाहरणार्थ चोवीसशेला पुन्हा पाच रेघा. एलईडी ट्यूबवर बहुतेक वेळा हे जमत नाही, चोकवालीच पाहिजे. जुन्या रेकॉर्ड प्लेअरवाल्यांनी तबकडीचा वेग तपासायला याच पद्धतीच्या रेघांच्या चकत्या वापरल्या.

पण सावध! ज्या उजेडात पुली थांबलेली दिसते त्याच उजेडात पंखाही थांबल्यासारखा दिसतो. तो फिरतच असतो. माझ्याकडच्या पोराने एकदा हात पुढे नेला होता, मी ओरडलो म्हणून बोटं राहिली. आणि अंधार पाहिजे म्हणून शटर पूर्ण ओढून इंजिन चालवू नका. धूर बाहेर जायला वाट ठेवा. तो वायू वासावरून कळत नाही.

दोन आकडे घ्या, एक नाही

१५०० आणि ३००० असे दोन आकडे का घ्यायचे? एका आकड्यावरून मीटर चूक आहे एवढंच कळतं. दोन आकड्यांवरून चूक कुठल्या जातीची आहे ते कळतं, आणि दुरुस्ती त्या जातीवर ठरते.

समजा मीटरने १३५० आणि २७०० दाखवलं. दोन्हीकडे दहा टक्के कमी. ही प्रमाणातली चूक. आता समजा १७०० आणि ३२०० दाखवलं. दोन्हीकडे सरळ दोनशे जास्त. ही जागेची चूक, म्हणजे काटा मुळात शून्यावर बसलेला नाही. कुणीतरी आधी उघडून काटा परत बसवताना तिरका बसवला असेल, किंवा आतली केसासारखी स्प्रिंग हलली असेल. इथे सर्किटला हात लावायचंच कारण नाही.

प्रमाणातली चूक आली की आधी स्विच बघा. खऱ्याच्या दोन तृतीयांश म्हणजे स्विच ६ वर, बरोबर निम्मं म्हणजे ८ वर. काकांच्या गाडीला खरी दुरुस्ती पाच सेकंदांची होती. जुन्या स्विचवर हिरवा गंज चढतो, तो चारवर दिसतो पण आत टेकलेला नसतो. दोन-चार वेळा इकडे-तिकडे करून परत मोजा.

स्विच बरोबर असूनही आठ-दहा टक्क्यांचा फरक असेल तर मात्र तो वयाचा. इलेक्ट्रॉनिक मीटर आत काय करतो? प्रत्येक स्पार्कला एक ठरावीक रुंदीचा ठोका बनवतो. ठोके जितके दाट, तितका सरासरी करंट जास्त, तितका काटा वर. ठोक्याची रुंदी एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर मिळून ठरवतात. तीस-चाळीस वर्षांच्या उन्हाळ्यात हे दोघे आपली किंमत सोडतात. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड किती तापतो ते काही मी सांगायला नको. जुने कार्बनचे रेझिस्टर बहुतेक वेळा वाढतात, जुने कपॅसिटर बदलतात. हे दोन भाग नवीन टाकले आणि आतला छोटा प्रीसेट ५० हर्ट्झवर १५०० ला लावला, की मीटर पुन्हा सरळ. सामान पन्नास रुपयांच्या आतलं. सुरतेला मिळतं, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतं.

इथे नवीन पोरं एक चूक करतात. भाग न बदलता फक्त प्रीसेट फिरवून आकडा जुळवतात. त्या दिवशी जुळतो. पण कपॅसिटर अजून घसरतोच आहे, सहा महिन्यांत काटा पुन्हा सरकतो, आणि तेव्हा ग्राहक तुमचं नाव घेतो, कपॅसिटरचं नाही.

आता काही लक्षणं अशी की त्यात मीटरचा दोषच नसतो. हेडलाइट लावली की काटा खाली-वर होत असेल तर आतलं व्होल्टेज धरून ठेवणारं झेनर गेलंय, किंवा अर्थ ढिला आहे. आधी अर्थ बघा. इंडिकेटरच्या टकटकीबरोबर काटा हलत असेल तर अर्थच. आणि रेस वाढवल्यावरच काटा वेड्यासारखा वर उड्या मारत असेल तर पॉइंट बघा. झिजलेला पॉइंट उसळतो, एका स्पार्कचे दोन ठोके होतात, मीटर बिचारा जे आलं तेच मोजतो. पॉइंट आणि कंडेन्सर बदला, मीटर आपोआप सुधारेल.

एक खास भानगड जुन्या इंग्रजी गाड्यांची. साठच्या दशकातल्या स्मिथ्स कंपनीच्या कित्येक मीटरमध्ये कॉइलकडे जाणारी तारच मीटरच्या मागून वळसा घालून जाते, आणि मीटर तिच्यातला करंट ओळखून मोजतो. अशा गाडीला पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की मीटर बंद तरी पडतो किंवा भलतंच दाखवतो. दोष कुणाचाच नाही, दोघांची भाषा वेगळी. मीटरच्या आत नवीन सर्किट बसवून बाहेरचा चेहरा तसाच ठेवता येतो. एलएम २९१७ नावाची चिप याच कामाची आहे.

केबलवाले आणि डिझेलवाले

राजदूत ३५० सारख्या बाइकवर आणि जुन्या ट्रॅक्टरवर मीटर केबलने फिरतो. आत एक चुंबक फिरतं आणि त्याच्या भोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघं एकमेकांना लागत नाहीत. चुंबक फिरलं की वाटीत करंट उठतो, वाटी ओढली जाते, आणि केसासारखी स्प्रिंग तिला अडवते. ही रचना जर्मनीच्या ओट्टो शुल्झने १९०२ मध्ये पेटंट केली, आणि शंभर वर्षं गाड्यांचे मीटर तिच्यावरच चालले.

इथली लक्षणं वेगळी. चुंबक म्हातारं झालं की मीटर कमी दाखवतो. स्प्रिंग थकली की जास्त दाखवतो. केबल कोरडी किंवा मुडपलेली असेल तर काटा लगबगतो. आणि कुणी केबलला ग्रीस चोपडून भरलं असेल तर ते फिरत फिरत वर चढतं, मीटरच्या तोंडात शिरतं, वाटीला चिकटतं, आणि काटा जास्त दाखवायला लागतो. केबलला ग्रीस पातळ लावा, वरची दोन-तीन इंच कोरडीच ठेवा.

टेबलावर तपासायला ड्रिल मशीन चालतं. ड्रिलचा वेग लेझरने मोजून घ्यायचा, दिशा बरोबर ठेवायची, नाहीतर काटा शून्याच्या खिळ्यावर दाबला जातो. केबल इंजिनच्या एका फेरीला किती फिरते ते प्रत्येक गाडीत वेगळं असतं, ते आधी गाडीवर मोजून लिहून ठेवा. स्प्रिंगला चिमटा लावायचा मोह होतो. तो टाळा. मी सुरुवातीला दोन मीटर असे घालवले. केबल, वंगण, साफसफाई एवढं आपण करायचं. चुंबक आणि स्प्रिंगचं काम मोठ्या शहरातल्या मीटरवाल्याकडे पाठवायचं आणि त्यात आपलं कमिशन उघड सांगून घ्यायचं.

डिझेल गाडीला स्पार्क नाही. तिथे मीटरला सिग्नल मिळतो अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून. म्हणजे मीटर खरं तर अल्टरनेटर मोजतो आणि इंजिनचा अंदाज सांगतो. अल्टरनेटर बदलला आणि नव्याची पुली ६० ऐवजी ६५ मिलिमीटरची आली, तर तो हळू फिरतो, मीटर आठ टक्के कमी दाखवतो. बेल्ट ढिला असेल तर लोडवर आणखी कमी. म्हणून डिझेलवाल्याला पहिला प्रश्न: "अल्टरनेटर कधी बदलला?" निम्म्या वेळा उत्तर येतं, "अरे हो, तेव्हापासूनच."

आता धंद्याचं बोलू

जुन्या गाड्या आपल्याकडे वर्षाला दोन-तीन येतात. त्यावर दुकान चालणार नाही, हे आधीच मान्य करा. पण जे टेबल पद्मिनीसाठी मांडलं त्याच टेबलावर ट्रॅक्टरचा मीटर तपासला जातो, आणि ट्रॅक्टर आपल्या जिल्ह्यात किती आहेत ते शहादा-तळोद्याच्या रस्त्यावर उसाच्या दिवसांत उभं राहून बघा.

शेतकऱ्याला मीटरशी काय देणं-घेणं, असं वाटेल. थ्रेशर पीटीओवर ५४० फेऱ्यांनी चालवायचा असतो. डायलवर त्याची खूण असते. मीटर दहा टक्के कमी दाखवत असेल, तर काटा खुणेवर आणेपर्यंत पीटीओ सहाशेवर जातो. हरभरा फुटतो, डिझेल जास्त जातं, आणि थ्रेशरच्या तोंडाशी माणूस उभा असतो, हे विसरू नका. फुटलेल्या दाण्याचा भाव बाजारात किती पडतो हे शेतकऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून तीनशे रुपयांची तपासणी तो घासाघीस न करता देतो.

हो, तीनशे. हा माझा तपासणीचा दर आहे, दुरुस्तीचा वेगळा. आणि दुरुस्ती केली तरी हे तीनशे मी वजा करत नाही. व्हिडिओत हे बोललो तेव्हा काहींना लोभ वाटला. विचार करा: आलेल्या बहुतेक मीटरमध्ये मीटरचा दोष निघतच नाही. स्विच, अर्थ, पॉइंट, पुली. तपासणी फुकट ठेवली तर तुमचं पोट दुरुस्तीवर अवलंबून राहतं, आणि मग चांगला मीटरही उघडायचा मोह होतो. तपासणीचे पैसे मिळाले की "तुमचा मीटर चांगला आहे, उघडू नका" हे सांगताना जीभ अडखळत नाही.

टेबलाचा सगळा खर्च मला पाच हजारांच्या आत आला: लेझर टॅकोमीटर, ट्रान्सफॉर्मर, सप्लाय, मल्टिमीटर, बारीक पेचकस. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पूर्ण दुरुस्तीचे मी आठशे ते बाराशे घेतो. त्यात सामान किरकोळ, पण वेळ मोठा, आणि तो वेळ बहुतेक उघडण्यात जातो. जुन्या मीटरची कडेची पत्र्याची रिंग दुमडलेली असते, ती एका जागी जोर न लावता थोडी थोडी फिरत उचलायची. डायलच्या रंगाला बोट लावायचं नाही. काटा काढण्याआधी तो कुठे उभा आहे त्याचा फोटो घ्यायचा. आणि महायुद्धाच्या काळातल्या जीपचे अंधारात चमकणारे डायल असतात, त्यांच्या रंगात रेडियम असतं. त्यांना खरवडू नका, शक्यतो उघडूच नका.

जुन्या गाडीवाल्याला चेहरा जपलेला हवा असतो, नवा चकचकीत मीटर नको. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पहिल्या पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीला पोचल्या. एवढी फी भरणारा माणूस मूळ डायलसाठी तुम्हाला हजार रुपये देताना कुरकुरत नाही. पण त्याच्या डायलवर ओरखडा पडला तर तो विसरतही नाही. म्हणून घेताना दोघांसमोर फोटो काढा.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडे हमखास येणार. मीटर उघडता येतो हे कळलं की जुन्या ट्रॅक्टरचा व्यापारी येतो आणि म्हणतो, "अवर मीटरचे तास जरा कमी करून दे, दोन हजार देतो." केबलवाल्या मीटरमध्ये तास केबलच्या फेऱ्यांवर मोजले जातात, ठरावीक आरपीएमवर चालला तरच मीटरचा एक तास म्हणजे घड्याळाचा एक तास. त्यामुळे केबल सोडून ठेवलेला ट्रॅक्टर आधीच कमी तास दाखवत असतो. माझ्याकडे असा माणूस तीन वेळा आला. महिन्याचं भाडं निघेल एवढा आकडा होता. तो ट्रॅक्टर शेवटी आपल्याच भागातला कुणीतरी कर्ज काढून घेणार असतो. ही सरळ फसवणूक आहे, आणि पकडली गेली तर व्यापारी सगळ्यात आधी तुमचं नाव सांगेल. मी नाही म्हणतो. दुरुस्तीसाठी काढलेल्या मीटरचे तास मी बिलावर लिहितो, आल्याचे आणि गेल्याचे. ते लिहायला लागल्यापासून असं विचारायला येणारे कमी झाले.

बिलाबरोबर मी एक कार्ड देतो. त्यावर चार रकाने: खरा आकडा, मीटरने आधी दाखवलेला, दुरुस्तीनंतर दाखवलेला, आणि काय केलं. १५०० आणि ३००० अशा दोन ओळी. इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीला सहा महिन्यांची हमी, आणि कार्ड आणलं तर त्या काळात पुन्हा तपासणी फुकट. प्रीसेटवर नेलपॉलिशचा एक ठिपका देतो, म्हणजे मध्ये कुणी हात लावला तर कळतं.

शहाद्याचे काका या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेच्या आधी आले होते, पद्मिनी घेऊनच. मीटर मीच टेबलावर घेतला. स्विच चारवर होता, तरी १५०० ला १४०० आणि ३००० ला २८०० दाखवत होता. कपॅसिटर बदलला, प्रीसेट लावला, गाडीवर बसवून लेझरने परत बघितलं. कार्डावर चारही आकडे लिहिले. काकांनी चष्मा लावून ते वाचले, तीनशे आणि नऊशे असे बाराशे मोजून दिले, आणि जाताना म्हणाले, "ते पहिले दोनशे परत दिले होते ना तू, ते पण यात धर."

मी धरले नाहीत.